कॅथलीनच्या कप्प्यातली लोकर

एल्सी फेअरक्लफच्या दुकानात रंग जुळवायला कुणी कापडाचा तुकडा आणला, की ती लोकरीचा गुंडा आणि तो तुकडा घेऊन थेट फुटपाथवर यायची. दोन्ही आभाळाकडे धरायची आणि मान तिरकी करून बघायची. "दिव्याखाली सगळंच जुळतं गं," म्हणायची. "उजेडात जुळलं तर खरं."

उत्तर इंग्लंडातल्या आमच्या क्लेगडेल गावची मिल स्ट्रीट म्हणजे चढाचा रस्ता. वरच्या टोकाला आमचं कॉन्व्हेंट, खाली कापडगिरणी, आणि मधे दुकानंच दुकानं. हिंडलची वजडी, प्रॉक्टरच्या खिमा भरलेल्या गरम पेस्ट्र्यांचा वास, गोळ्यांच्या बरण्या. कॉन्व्हेंटची मुलगी रस्त्यात खात नाही, असा सिस्टर अलॉयशिअसचा नियम होता, म्हणून आम्ही बडीशेपेची गोळी जिभेखाली दाबून, तोंड मिटून, अतिशय धार्मिक चेहऱ्यानं शाळेत जात असू.

चढाच्या मध्यावर एल्सीचं लोकरीचं दुकान होतं. एल्सीनं लग्न केलं नाही. आई गेल्यावर दुकान तिच्याकडे आलं आणि ती दुकानाची झाली. जीवाभावाची अशी एकच मैत्रीण, कॅथलीन मॉलॉय. दोघी बालवर्गापासून एका बाकावरच्या. कॅथलीन पुढे गिरणीत लागली, तिनं लग्न केलं, तिला बर्नडेट झाली. बर्नडेट माझ्या वर्गात होती.

शाळेचा स्वेटर गडद हिरवा लागे आणि तो आयांनी घरी विणायचा असे. एवढी लोकर एकदम घेणं कुणाला परवडत नसे. थोडीथोडी घ्यावी तर पुढच्या खेपेला हिरव्याचा रंग बदललेला असे, कारण रंगाचा प्रत्येक घाणा वेगळा. म्हणून एल्सी एका घाण्याची लागेल तेवढी लोकर काढून, भिंतीवरच्या कप्प्यात तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवून देई. गिरणीचा पगार झाला की शुक्रवारी यायचं आणि एकदोन गुंडे न्यायचे. शहाण्या आया दोन गुंडे जास्तीचे सांगून ठेवत, पोरगी वाढली की बाह्या लांबवायला. ठेवलेली लोकर एल्सी दुसऱ्याला देत नसे. बिशप आले असते तरी दिली नसती.

त्या हिवाळ्यात धुकं असं दाटलं होतं की भर दुपारी दारातसुद्धा सगळं पिवळं दिसे. नवा माल आला होता. तो लावताना नव्या घाण्याचा एक गुंडा कॅथलीनच्या कप्प्यात गेला. शुक्रवारी कॅथलीन आली, एल्सीनं गुंडा दारात नेला, पण बाहेर उजेड होता कुठे? रंगातला फरक दोघींनाही दिसला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर व्हिटसनचा सण आला, आणि त्याच्या मिरवणुकीला मात्र लख्ख ऊन पडलं. मिरवणुकीला नवे कपडे घालायचे आणि ते साऱ्या गावानं बघायचे, हा आमच्याकडचा शिरस्ता. धाकट्या मुली पांढऱ्या फ्रॉकमध्ये, आम्ही मोठ्या हिरव्या स्वेटरमध्ये, शाळेच्या झेंड्यामागे. माझ्या पुढे बर्नडेट होती. तिच्या पाठीवर, बरोबर खांद्यांच्या खाली, वेगळ्या हिरव्याचा आडवा पट्टा उठून दिसत होता. बँडच्या पितळी भोंग्यांपेक्षा लोक तिच्याकडेच बघत होते.

"अगं, झेब्रा आली वाटतं कॉन्व्हेंटात!" कुणीतरी ओरडलं. बर्नडेट पुढे शाळेतून बाहेर पडेपर्यंत झेब्राच राहिली.

दुसऱ्या दिवशी कॅथलीन दुकानात आली तेव्हा मी आईसाठी बटणं घेत होते.

"डोळे होते ना तुला, एल्सी?"

"कॅथलीन, माझंच चुकलं. आण तो इकडे, मी उसवून पुन्हा विणून देते."

"गावानं बघितल्यावर? आता काय उसवतेस? लोकांची तोंडं?"

दार आपटलं. त्या दिवसापासून अबोला. कॅथलीन लोकर बाजारातून आणू लागली, आणि दुकानासमोर आली की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथनं जाई. परत येताना तेच. आमच्या गावात भांडण म्हणजे आरडाओरडा नव्हे. आमच्याकडे लोक रस्ता ओलांडतात.

पुढच्या वर्षी बर्नडेट ताडमाड वाढली. बाह्या मनगटाच्या वर चढल्या. बाह्यांसाठी कॅथलीननं सांगून ठेवलेले जास्तीचे दोन गुंडे एल्सीच्या कप्प्यात पडून होते. सकाळी आम्ही मुली चढावरून जाताना एल्सी खिडकीशी उभी राहून ती लाल, गारठलेली मनगटं बघत असे. शेवटी तिनं मला आत बोलावलं.

"मोनिका, बाळ, बर्नडेटच्या आईला सांग, लोकर तिचीच आहे. माझ्याशी बोलू नको म्हणावं, नुसती येऊन घेऊन जा."

मी निरोप दिला. कॅथलीन बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला सांग, बघू दे माझ्या पोरीची मनगटं. रोज बघू दे."

मी हा निरोप पोचवला नाही. "त्या घरी नव्हत्या," असं सांगितलं. एल्सीनं गुंडे परत कप्प्यात ठेवले. कॅथलीन त्या वेळी कधीच घराबाहेर नसे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

वर्षं गेली. बर्नडेट शिकून नर्स झाली. मी शाळेतच शिकवायला लागले, हॅरल्डशी लग्न केलं. गिरणी बंद पडली. वजडीच्या दुकानात अस्लमसाहेबांचं कापडाचं दुकान आलं, जरीकाठाचं, झगझगीत. एल्सी त्यांच्याही गिऱ्हाइकांचे रंग फुटपाथवर नेऊन जुळवून देई. शाळेचे स्वेटर यंत्रावरचे यायला लागले. भिंतीवरचे कप्पे एकेक करून रिकामे झाले. कॅथलीनच्या नावाचा तेवढा भरलेला राहिला.

मग नव्या रस्त्यासाठी एल्सीच्या दुकानापासून खालची मिल स्ट्रीट पाडायचं ठरलं. एल्सीला बहिणीकडे समुद्रकाठी जायचं होतं. मी आवरायला गेले. अस्लमसाहेबांनी उरलेली सगळी लोकर घेतली.

"आणि हे दोन गुंडे, एल्सीबेन?"

"ते ठेवलेले आहेत," एल्सी म्हणाली.

"अहो, कधीपासून?"

"ठेवलेले म्हणजे ठेवलेले."

शेवटच्या शनिवारी रिकाम्या दुकानात ती खुर्ची टाकून बसली होती. काय करू या दोन गुंड्यांचं, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. मी म्हटलं, मी नेऊन देते. "नको. शब्द दुकानात दिलाय. लोकर इथेच द्यायला हवी." पण इथे येणार कोण? कॅथलीन अजून पलीकडच्या फुटपाथनंच जात होती, आता काठी टेकत.

दुपारी दाराची घंटा वाजली. काठी आधी आत आली, मग कॅथलीन.

"सगळंच आवरलंस की," ती रिकाम्या दुकानाकडे बघत म्हणाली. "एल्सी, माझी लोकर आहे का गं?"

"आहे."

"दे मग. बर्नडेटच्या पोरीनं माझी पेटी उपसली. तो झेब्रा सापडला तिला. आता अंगातून काढत नाही. हल्लीच्या पोरींना जुनंच लागतं. पण मनगटं उघडी पडतात."

तिनं पिशवीतून स्वेटर काढला. एल्सी उठली, एका हातात स्वेटर, दुसऱ्यात गुंडा, आणि फुटपाथवर गेली. मागून कॅथलीन. चांगलं ऊन होतं. धुऊन धुऊन स्वेटर शेवाळासारखा फिका झाला होता, आणि अंधारात पडून राहिलेली लोकर काल रंगवल्यासारखी गर्द.

एल्सीनं मान तिरकी करून बराच वेळ बघितलं.

"जुळत नाही, कॅथलीन."

"मलाही डोळे आहेत."

"बाह्यांना पट्टे दिसतील."

"दिसू दे. पाठीवर एक, हातांवर दोन. झेब्राच आहे, शोभून दिसेल." मग काठी सावरत, "आणि विणायची तूच. माझी बोटं आता वळत नाहीत. सोमवारी समुद्रावर जाणार आहेस म्हणे?"

"जाणार होते."

"बाह्या झाल्यावर जा."

एल्सीनं मला कप्प्यावरची चिठ्ठी काढायला सांगितली. मी ती काढली, आणि दाराला कुलूप लावून किल्ली तिच्या हातात दिली. मग दोघी चढाला लागल्या, एकाच फुटपाथवरून, कॅथलीनच्या घराकडे. काठीच्या हिशेबानं हळूहळू.