डाव्या पायावर पंधरा किलो

"डावं पाऊल काट्यावर टेकवा. उजवं जमिनीवरच राहू द्या. आता हळूहळू भार द्या, आणि काटा पंधरावर आला की थांबा," फिजा म्हणाली.

घराघरात असतो तसलाच साधा वजनकाटा होता. चारुताने दोन्ही कुबड्यांवर रेलून डावं पाऊल त्यावर ठेवलं. काटा सातवर गेला, बारावर गेला, आणि एकदम तिसावर उडाला.

"बास, बास! पंधरा म्हणजे केवढं, ते तुमच्या पायाला पाठ व्हायला हवं, चारुताताई. पुढचे काही आठवडे त्याच्या वर एक किलो नको."

फिजा मूळची म्हसळ्याची. कुवेतच्या त्या हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट होती. मराठी बोलणारं कुणी भेटल्यामुळे चारुताला पहिल्या दिवशी फार बरं वाटलं होतं. पण फिजाचे डोळे तिला नकोसे वाटायचे. फिजा कायम पायांकडेच बघायची. आणि आपल्या चालण्याकडे कुणी बघितलेलं चारुताला सोसायचं नाही, ते काही आजचं नव्हतं.

चारुता कराडची. लहानपणापासून चालताना तिचा डावा खांदा किंचित खाली जायचा. कुणी निरखून पाहिलं तरच कळेल इतकाच. पण आई निरखून पाहायची. शाळेला निघाली की मागून हाक यायची, "चारू, सरळ चाल गं." दुखत काही नव्हतं, त्यामुळे डॉक्टरला दाखवावं असं कुणालाच वाटलं नाही. नीरजच्या घरची माणसं पाहायला आली, तेव्हा आईने तिला पाहुणे यायच्या आधीच दिवाणावर बसवून ठेवलं. पोह्यांच्या बशा मामेबहिणीने आणल्या, पाणीही तिनेच दिलं. पाहुणे जिना उतरून गेल्यावर मगच चारुता उठली.

लग्नानंतर ती कुवेतला आली. नीरज मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर होता. सालमियात भाड्याचा फ्लॅट, नऊ वर्षांची मुलगी अंतरा, आणि राई भागातल्या टाइल्सच्या शोरूममधली चारुताची नोकरी, असा संसार रुळला होता. दिवसभर ती गिऱ्हाइकांना घेऊन चकचकीत फरशीवरून फिरायची. पस्तिशीला आली तशी जांघेत कळ यायला लागली. आधी जिना चढताना, मग गाडीतून उतरताना, मग नुसतं कुशीवर वळतानाही.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, की तिच्या डाव्या खुब्याची वाटी जन्मापासूनच उथळ आहे. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत पुरता झाकला जात नाही, कडेकडेने घासतो. असंच चालू दिलं, तर चार-पाच वर्षांत सांधा बदलावा लागेल. त्याआधी एक मोठं ऑपरेशन करता येईल. वाटीभोवतीचं हाड कापून ती गोळ्यावर नीट फिरवायची आणि चार लांब स्क्रूंनी पक्की करायची.

"पण हे स्क्रू हाडाला जागेवर धरण्यासाठी आहेत. तुमचं वजन पेलण्यासाठी नाहीत. ते काम हाडाचं, आणि हाड जुळायला वेळ घेतं," ते इंग्रजीत सावकाश म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं, मग कुबड्या आणि फिजाचा तो पंधरा किलोंचा काटा सुरू झाला. सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत वाटी छान बसलेली दिसत होती. पुढच्या बाजूचा काप मात्र अजून भरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा आठवडे दोन्ही कुबड्या, काम तीन महिन्यांनंतरच. नीरजच्या रिफायनरीत तेव्हा वार्षिक दुरुस्तीच्या शटडाउनचं काम सुरू होतं, त्याला येता आलं नव्हतं. संध्याकाळी त्याने विचारलं, तेव्हा चारुता म्हणाली, "वाटी छान बसलीय म्हणाले." ते खरंच होतं. बाकीचं तिने सांगितलं नाही.

आठव्या आठवड्यात टॅक्सी करून ती राईला गेली. शोरूमचे मॅनेजर झहूरभाई रत्नागिरीचे, सरळ माणूस. तिला बघून ते खुर्चीतून उठले.

"एवढ्या लवकर? डॉक्टरांनी सोडलं तुम्हाला?"

"सोडलं," चारुता म्हणाली आणि कुबड्या काउंटरमागे ठेवून दिल्या.

तिच्या जागेवर एका लेबनानी मुलीला तात्पुरतं घेतलं होतं. मुलगी हुशार होती, अरबी गिऱ्हाइकांशी भराभर बोलायची. चारुताला धास्ती होती ती तिचीच, असं ती स्वतःला सांगत राहिली. खरं कारण वेगळं होतं. कुबड्या घेतलेली बाई म्हटली की लोक आधी पाय बघतात आणि मग तोंड. दोन महिने तिने ते सोसलं होतं, आणखी एक दिवस सोसायची तिची तयारी नव्हती.

शोरूममध्ये नमुन्यादाखल मांडलेल्या बाथरूमना भिंतभर आरसे होते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चारुता तिथे चालायचा सराव करायची. डाव्या पायावर जेमतेम टेकायचं, लगेच उजव्यावर जायचं, पोट आत ओढून खांदा झुकू द्यायचा नाही. चार दिवसांत आरशातली बाई बऱ्यापैकी सरळ चालायला लागली. चारुताला वाटलं, झालं, आपण बऱ्या झालो.

नंतरच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाला दाखवायला तिने संगमरवरी छटेची मोठी टाइल हातात घेतली आणि डावं पाऊल रोवून वळली. जांघेच्या आत काहीतरी सरकलं. आवाज झाला नाही, ती पडली नाही. टाइल तिने अलगद खाली ठेवली, किंमत सांगितली, किती जागेला किती पेट्या लागतील तेही सांगितलं. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र ती बाथरूमच्या नमुन्यातल्या कोऱ्या टबच्या कडेला बसली, आणि तिला कितीतरी वेळ उठवेना.

त्यानंतर गोळ्या खाऊन तिने अडीच आठवडे काढले. कुणालाही कळू दिलं नाही.

एका शुक्रवारी सगळे सालमियाच्या समुद्राकाठी फिरायला गेले. शेजारची मेधा त्यांच्या मागून येत होती. ती हसत म्हणाली, "अगं, तुम्ही मायलेकी मागून अगदी सारख्या दिसता. चालसुद्धा तीच!"

चारुता जागच्या जागी थांबली. अंतरा पुढे चालत होती, हातात आइस्क्रीम. डावं पाऊल पडलं की डावा खांदा खाली. पुन्हा डावं पाऊल, पुन्हा खांदा.

"अंतरा, सरळ चाल गं!"

तोंडातून निघून गेल्यावर चारुतालाच दचकायला झालं. अंतराने वळून पाहिलं. "आय अॅम वॉकिंग नॉर्मली, मम्मा," ती वैतागून म्हणाली.

दोन दिवसांनी चारुता फिजासमोर उभी होती. नीरजही होता, कारण या वेळी तिने त्याला बरोबर यायला सांगितलं होतं. फिजाने आधी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"कुबड्या कुठे आहेत?"

"घरी," चारुता म्हणाली.

"बरं. फक्त क्षणभर, मला धरून, डाव्या पायावर उभ्या राहा."

चारुताने उजवा पाय उचलला आणि तिच्या कंबरेची उजवी बाजू धपकन खाली गेली. सावरायला सगळं अंग डावीकडे कललं. फिजाने तिला घट्ट धरून खुर्चीवर बसवलं आणि लगेच एक्स-रेसाठी फोन केला.

फोटोत चारांपैकी एक स्क्रू बोटाच्या पेराएवढा मागे सरकला होता, दुसरा वाकला होता. पुढच्या बाजूचा काप तसाच उघडा. डॉक्टरांनी विचारलं, "पूर्ण वजन कधीपासून टाकताय?"

"आठव्या आठवड्यापासून."

नीरज तिच्याकडे बघतच राहिला. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मला वाटत होतं, डॉक्टरांनी परवानगी दिलीय."

"मी तसं म्हटलं नव्हतं."

"तू काहीच म्हटलं नव्हतंस, चारू. लग्नाआधीही नाही. हळद उतरल्यावर जेजुरीच्या पायऱ्या चढताना मला कळलं, तुझी चाल वेगळी आहे. मला त्याचं काही वाटलं नाही गं. मला एवढंच वाटलं, की हिने मला सांगितलं का नाही? आणि आजही तेच."

चारुताला रडू फुटलं. "मला नाही सांगता येत, नीरज. कधीच नाही आलं. आणि आता अंतरा..." मग तुटक तुटक शब्दांत तिने त्याला समुद्राकाठचं सांगितलं.

नीरजने किल्ली काढून हातात धरली. त्याचा राग गेला नव्हता, पण आता त्यात भीती मिसळली होती, आणि ती दोघांची होती.

दुसरं ऑपरेशन दहा दिवसांनी झालं. सैल झालेले स्क्रू काढून जाड स्क्रू घातले, कंबरेच्या वरच्या कडेतून थोडं हाड घेऊन फटीत भरलं. पुन्हा दोन कुबड्या, पुन्हा तो वजनकाटा, पुन्हा पंधरा किलो. झहूरभाईंचा फोन आला. "ताई, मी सांगून पाहिलं. मालकांनी त्या मुलीला कायम केलं," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं आवाजातून कळत होतं. चारुता म्हणाली, "तुम्हाला मी खोटं सांगितलं होतं, झहूरभाई. डॉक्टरांनी सोडलं नव्हतं." मग ते म्हणाले, "तब्येत सांभाळा."

पाच महिन्यांनी हाड जुळलं. त्याच आठवड्यात फिजाने मायलेकींना चालण्याच्या तपासणीच्या खोलीत बोलावलं. लांबलचक खोली, छताला कॅमेरे, जमिनीत बसवलेल्या पट्ट्या, पावलाचा भार मोजणाऱ्या. अंगावर जागोजागी चमकणारे मणी चिकटवून चारुता या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा चालली. पडद्यावर तिची काड्यांची आकृती उमटली. चेहरा नाही, कपडे नाहीत, आणि खांदा सरळ ठेवायची धडपडही नाही. नुसतं चालणं.

"डाव्या पायावर तुम्ही अजून कमी वेळ थांबता. बाजूचा स्नायू अशक्त आहे, म्हणून कंबर खाली जाते. आणखी वर्षभर व्यायाम. पूर्ण जाईल, असं मी नाही म्हणणार," फिजा म्हणाली.

मग अंतरा चालली. तिची आकृतीही डावीकडे कलत होती. फिजाने तिला पळायला सांगितलं. पळताना कल नाहीसा झाला.

"हिचा स्नायू चांगला आहे," फिजा म्हणाली. "चाल बरीचशी तुमची बघून उचललीय." चारुताने सुटकेचा श्वास सोडला. फिजाने पुढचं सांगितलं. "पण हिचा जो एक्स-रे काढला, त्यात डावी वाटी किंचित कमी खोल आहे. अगदी सीमेवर. वाढत्या वयात सुधारते कधी कधी, कधी नाही. दर वर्षी फोटो काढून बघत राहायचं, आत्ता याहून जास्त कुणीच सांगू शकणार नाही."

घरी आल्यावर चारुताने अंतराला समोर बसवलं. पोटाखालचा व्रण दाखवला, मुठीवर पंजा ठेवून गोळा आणि वाटी समजावली.

"विल आय गेट स्क्रूज टू?" अंतराने विचारलं.

"माहीत नाही, बाळा. गरज नाही पडली तर उत्तम. पण दुखलं, तर मला त्याच दिवशी सांगायचं."

"तू सांगितलंस?" या वेळी तिने मराठीत विचारलं.

"नाही. म्हणून तर दोनदा ऑपरेशन झालं."

फिजाच्या सल्ल्याने अंतराला पोहायला घातलं. आठवड्यातून तीन संध्याकाळी चारुता तलावाकाठी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते, काठी उजव्या हातात. दुसऱ्या आया फोनमध्ये असतात. अंतरा कपडे बदलून येते आणि ओल्या फरशीवरून पाण्याकडे जाते, पंधरा-वीस पावलं. सरळ चाल, असं चारुता आता म्हणत नाही. पण पावलं मोजायचं तिला थांबवता येत नाही. डावं पाऊल पडतं, तिची नजर खांद्याकडे जाते. कधी वाटतं, कल कमी झालाय. कधी वाटतं, वाढलाय. पुढचा एक्स-रे फेब्रुवारीत आहे.