संघमित्राताईंची पाठ

"ताई गेल्या," एवढंच त्यांचा भाऊ फोनवर म्हणाला. मी कोलशेतच्या आमच्या प्रयोगशाळेत होते, हातात पेशींची बशी होती. ती जागेवर ठेवली, आणि पुढे काय करायचं तेच कळेना...

संघमित्राताई माझ्याहून सात वर्षांनी सीनियर. मणक्यांमधली गादी का झिजते, हा त्यांच्या कामाचा विषय. ऑपरेशनमध्ये काढलेले गादीचे तुकडे आमच्याकडे यायचे; त्यातल्या पेशी त्या वाढवायच्या. वाढीचा संदेश देणारं प्रथिन घातलं की थकलेल्या पेशी पुन्हा गादीतला मऊ गर बनवू लागत. पण सोबत दाहाची रसायनं असली की सगळं ठप्प. मी नवी असताना विचारलं होतं, असं का? त्या म्हणाल्या, "अगं, घर पेटलेलं असताना गवंडी काय करणार?"

त्यांच्या स्वतःच्या कमरेतल्या दोन गाद्या झिजल्या होत्या. टिटवाळ्याहून रोजची ये-जा, मग दिवसभर उभ्याने काम, कारण बसलं की जास्त कळा यायच्या. कळा थांबवणाऱ्या, सूज उतरवणाऱ्या गोळ्या त्या आधी कधीमधी घेत, मग रोज, मग दिवसातून तीनदा. दुकानातून मीच आणून द्यायचे. एकदा म्हटलं, "ताई, किडनीला वाईट असतात ना या?"

"मला शिकवतेस?" त्या हसल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाकीट आणलं.

पाय सुजायला लागले तेव्हा उशीर झालेला. कल्याणला डायलिसिस सुरू झालं. शेवटच्या भेटीत त्यांनी आधी प्रयोगाचं विचारलं. मी सांगितलं, "फसला. दाह आटोक्यात आलाच नाही. पेशी मेल्या."

"लिहून ठेव. फसलेलंही लिहायचं असतं."

मला राहवलं नाही. "ताई, गोळ्या मी आणायचे."

"मागायचे मीच ना... तू नाही म्हणाली असतीस तर भांडले असते तुझ्याशी." मग म्हणाल्या, "तरी म्हणायला हवं होतंस."

आठ दिवसांनी त्या गेल्या.

पाठीला आधार देणारी एक खुर्ची त्यांच्यासाठी आम्ही अर्जांवर अर्ज करून मागवली होती. त्या दवाखान्यात असताना ती आली. खिडकीपाशी, त्या उभ्या राहायच्या तिथेच ठेवली आहे. तिच्यावरचं प्लास्टिक अजून कुणी काढलेलं नाही.