आनेकलची लाइन स्वच्छ झाली

आनेकलकडच्या आमच्या टॉवरवर नवीन नेटवर्क सुरू झालं त्या संध्याकाळी मी घरी पेढे नेले. बायको म्हणाली, "मूल झाल्यासारखं काय करताय?" मी म्हटलं, खा आणि गप्प बैस. ती अर्थात गप्प बसली नाही, पण दोन पेढे खाल्ले.

माझं काम मोबाइलच्या आवाजाचं. गाडीत फोन आणि लॅपटॉप मांडून बेंगळूरभर हिंडायचं, एका फोनवरून ठरलेलं वाक्य सोडायचं आणि दुसऱ्या फोनवर ते कसं पोचतं ते तपासायचं. मशीन त्याला पाचपैकी गुण देतं. शाळेत गणिताच्या मास्तरांनी मला कधी सढळ हाताने गुण दिले नाहीत, त्याचा सूड मी आता टॉवरांवर उगवतो, असं अक्का म्हणते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती आनेकलच्या एका शाळेत शिकवते आणि आई तिच्याकडे असते. वडील गेल्यावर बसवनगुडीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आईचा जीव रमेना. अक्काकडे अंगण आहे, ऊन आहे, भाजीवालीशी हुज्जत घालायला फाटक आहे. म्हणून ती तिकडे गेली, आणि मी रोज जेवणाच्या सुट्टीत तिला फोन करू लागलो.

तो फोन म्हणजे कुस्ती असायची. तेव्हा त्या भागात इंटरनेट पुढच्या पिढीच्या नेटवर्कवर चालायचं, पण फोन लावला की कॉल बिचारा एक पायरी खाली उतरून जुन्या नेटवर्कवर जायचा. नंबर दाबल्यावर बराच वेळ काहीच नाही, मग टुक टुक, मग एकदाची रिंग. जुन्या नेटवर्कवर जागा कमी, त्यामुळे आवाजाच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कडा छाटून मधला तेवढा पाठवत. म्हणून माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलतोय असं वाटायचं. 'स' आणि 'फ' तर ओळखूच यायचे नाहीत. मी 'सांबार' म्हणायचो, ती 'काय बार?' म्हणायची.

"हलो? हलो? स्वल्प जोरात बोल, पुट्टा," आई ओरडायची. मला अजून ती पुट्टाच म्हणते, म्हणजे छोटा, माझे केस पिकलेत तरी.

"जेवलो म्हटलं! सांबार-भात!"

"काय जेवलास?"

"सांबार-भात!"

"हां हां. आणि जेवलास का?"

"नेटवर्क नाही आई, ठेवतो!"

आमच्या घरात या नेटवर्कने फार बोलणी खाल्ली. आईने तेच दोनदा विचारलं, नेटवर्क. मी काल सांगितलेलं तिला आज ठाऊक नाही, तर काल ऐकूच आलं नसेल, नेटवर्क. धाकट्या मावशीच्या घरचं बारसं तिने दोन वेळा आनंदाने नव्याने ऐकलं, तेही नेटवर्कच्या खात्यात गेलं. सुट्टीच्या दिवशी अक्का फोन घेऊन म्हणायची, "तुझ्या कंपनीला लाज आहे का रे? इकडे माणसं राहत नाहीत का?" मग मी हिरिरीने सांगायचो की थांब, येतंय, नवीन येतंय.

आणि ते आलं. कॉलला आता खाली उतरायची गरज राहिली नाही. इंटरनेटच्या वाटेनेच आवाज जाऊ लागला, आणि तो छाटलेला नव्हे, भरदार. नंबर दाबला की लगेच रिंग. पहिल्या दिवशी आईने "हलो" म्हटलं तेव्हा मी चमकलो. तिच्या बांगड्या ऐकू आल्या. मागे कुकरची वाफ, फाटकाची कडी, अंगणातला कावळा, सगळं. आणि तिचा आवाज, थोडा घोगरा, थोडा नाकातला, मी लहानपणी ऐकलेला. आपल्या कामाचा इतका अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

"आई, माझं नीट ऐकू येतंय?"

"समोर बसून बोलतोयस असं वाटतं रे. जेवलास का?"

"जेवलो. आज दही-भात."

"बरं झालं. उन्हाचं दहीच बरं." मग अक्काच्या शाळेचं काही, शेजारणीच्या सुनेचं काही. आणि मग तितक्याच मायेने, तितक्याच नव्याने, "जेवलास का, पुट्टा?"

मी फोन कानापासून दूर धरून पाहिला. सिग्नलच्या काड्या पूर्ण होत्या. मी सवयीने म्हणणार होतो, नेटवर्क. पण त्या लाइनवर कावळासुद्धा स्पष्ट ओरडत होता.

"जेवलो, आई."

"काय जेवलास?"

पुढचे काही दिवस मी माझंच मशीन असल्यासारखा ऐकत राहिलो. मुद्दाम हळू बोलायचो, एक गोष्ट सांगायचो आणि ती पोचते का ते बघायचो. पोचायची. शब्द न शब्द पोचायचा. पोचून तिच्याकडे थांबायचा मात्र नाही. शेवटी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "सारात दोनदा मीठ पडतं हल्ली. मी म्हटलं, वय झालं."

बनशंकरीतल्या डॉक्टरांनी आईला वार विचारला, समोरच्या वस्तूंची नावं विचारली. आई त्यांच्याशी गोड बोलत होती आणि एकही उत्तर देत नव्हती. विसरण्याचाच आजार आहे, गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल, बरं होणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग विचारलं, हे सुरू कधी झालं? आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्या वर्षांत आमच्याकडे सगळेच सगळ्यांना सगळं दोनदा विचारत होते.

आता माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. तिने दिवस, वार, बारशी, मीठ, काय हवं ते विसरावं, पण फोन घेतल्यावर मला ओळखावं. रोज दुपारी "पुट्टा" ऐकू आलं की मगच मी डबा उघडायचो.

मग नेटवर्कची त्याहून पुढची पिढी आली. माझ्या हाताखाली पुण्याहून आलेला एक इंजिनीअर आहे. त्याने जुन्या-नव्याची चाचणी शेजारी शेजारी लावून दाखवली आणि म्हणाला, "सर, डिफरन्स बघा ना, काय सॉलिड आहे! बोललेलं पोचायला वेळच लागत नाही. गर्दीतसुद्धा व्हिडिओ कुठे अडकत नाही." खरंच अडकत नव्हता. पूर्वी जत्रेच्या दिवसांत तिकडे फोन लागायची मारामार व्हायची, आता हजार माणसं एकदम व्हिडिओ पाहत बसली तरी फरक पडत नव्हता. मी त्याला शाबासकी दिली, आणि मनात त्या स्वच्छपणाचा भयंकर राग आला. तो पोरगा बरोबर बोलत होता, म्हणून आणखीच आला.

बायको म्हणाली, चेहरा दिसला तर त्यांना ओळखायला सोपं जाईल, व्हिडिओ लावा. लावला. चित्र इतकं नितळ की आईच्या कपाळावरचं कुंकू किंचित फिसकटलेलं दिसलं. पण आई माझ्याकडे बघेना. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तिचाच चेहरा होता, तिकडे बघून तिने पदर सारखा केला. मग त्या आपल्याच चेहऱ्याकडे बोट दाखवत अक्काला हळूच म्हणाली, "अगं, त्या बाईंना कॉफी विचारलीस का?" बायको उठून आत गेली. त्यानंतर आम्ही व्हिडिओ लावला नाही, साधाच फोन करत राहिलो.

परवाच्या शनिवारची गोष्ट. अक्का घरीच होती, पण फोन आईने उचलला.

"हलो, यारु माताड्तिरोदु?" कोण बोलतंय, असं ती विचारत होती. कन्नडमध्ये.

आमच्या पिढ्यान्‌पिढ्या या गावात गेल्या. आमच्या मराठीत निम्मी कन्नड मिसळलेली आहे, ते सोडा. पण घरच्या माणसाशी आम्ही मराठीच बोलतो. कन्नड फाटकाबाहेरच्यांसाठी, भाजीवालीसाठी, कंडक्टरसाठी, बँकेतल्या साहेबासाठी. समोरचा आपला की परका, हे आमच्या घरात पहिल्या शब्दालाच कळतं. जन्मात आई माझ्याशी कन्नडमध्ये बोलली नव्हती.

"आई, मी," मी म्हणालो.

"निमगे यारु बेकित्तु?" तुम्हाला कोण हवं होतं?

ओरडून उपयोग नव्हता. लाइन स्वच्छ होती. "आई, मीच गं. पुट्टा."

पलीकडे ती विचार करत होती. तिचा श्वास ऐकू येत होता. मग परक्या माणसाला लावतो तसा मऊ, अदबीचा स्वर लावून तिने सांगितलं की आमचा मुलगा ऑफिसला गेलाय, संध्याकाळी फोन करा, तेव्हा भेटेल. आणि विचारलं, "यारु अंत हेळ्लि?" कुणाचा फोन होता म्हणून सांगू त्याला?

माझ्या तोंडून मराठी फुटेना. मराठी बोललो तर ती आणखी गोंधळेल, असं वाटलं. मी कन्नडमध्ये म्हणालो, "परवागिल्ल, अम्मा. संजे माड्तीनि." असू द्या, संध्याकाळी करतो. अम्मा आम्ही फुलवालीला म्हणतो, रांगेतल्या अनोळखी बाईला म्हणतो. आईला मी अम्मा कधी म्हटलं नव्हतं.

"सरी," बरं, असं ती म्हणाली. फोन बंद करायचं तिला सुचलं नाही, मलाही नाही. तो तिने कुठेतरी ठेवला. अक्काच्या चपला जवळ आलेल्या ऐकू आल्या, आणि अक्काने विचारलं, "कोण होतं, आई?"

आई तिच्याशी मराठीत बोलली.

"कुणाचा तरी मुलगा होता गं. आवाज रडवेला येत होता बिचाऱ्याचा. त्याच्या आईला कळवायला हवं."