मास्टर पॅनलही हिरवट दिसलं

ट्रॉलीला रिजेक्टचा टॅग बांधला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘पांढरा लॉट, हिरवट झाक.’ खाली सही केली. चाकणच्या त्या कारखान्यात आम्ही स्कूटरची प्लॅस्टिकची कव्हरं रंगवायचो. रंग मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून त्या आठवड्यात माझ्या डोळ्यांचा शब्द शेवटचा होता.

पाच मिनिटांत शिफ्टचे साहेब आले. बाहेर ट्रक उभाच होता.

“रंग कुणी मिसळलाय?”

काकांनी मिसळला होता. काका लातूरकडचे, वीस वर्षं हेच काम करणारे. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून कामावर परतून त्यांना महिनाही झाला नव्हता.

“काका, डोळे धड नव्हते तर आलात कशाला? उद्यापासून पॅकिंगला बसा.”

“डोळे बरे हायत साहेब. रंग बी बरा हाय.”

“मग हा पोरगा खोटं बोलतोय? फिजिक्सचा ग्रॅज्युएट आहे तो.”

काका माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते, हे मला जास्त लागलं. “लेका, सकाळधरनं लालच तपासायलास ना? पाटीकडं बघितलास का?”

रंग फवारायच्या बूथजवळच्या भिंतीवर काकांनी एक करडी पाटी रंगवून लावली होती. लाल लॉट संपला की तिच्यासमोर दहा मिनिटं बसायचं आणि मगच पुढचा रंग तपासायचा, हा त्यांचा दंडक. आम्ही नवी पोरं त्याची टिंगल करायचो. “काकांची समाधी लागली राव, उदबत्ती लावा!” सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो.

त्या दिवशी ट्रक खोळंबला म्हणून मी पाटीसमोर बसलो नव्हतो. तीन तास लाल कव्हरं डोळ्यांसमोर धरली आणि वळून थेट पांढऱ्याकडे पाहिलं. मास्टर पॅनल, म्हणजे ज्याच्याशी रंग ताडायचा तो मंजूर नमुना, तोसुद्धा कपाटातून काढला नाही.

आता मी ट्रॉलीवरच्या कव्हराकडे पुन्हा पाहिलं. ते पांढरं होतं. कुठेही हिरवी झाक नव्हती.

असं का होतं, हे मला माहीत होतं. आमच्या तालुक्याच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंनी फळ्याशेजारच्या चुन्याच्या भिंतीवर लाल कागदाचा गोल चिकटवला होता. बराच वेळ त्याच्याकडे बघायला लावून त्यांनी तो झटकन काढला, तर भिंतीवर हिरवट गोल तरंगला. लाल उजेडाला जागणाऱ्या पेशी थकतात, बाकीच्या ताज्या असतात, आणि मेंदू त्यांचंच ऐकतो, असं बाईंनी समजावलं होतं. त्या तासामुळेच मी फिजिक्स घेतलं. घरातला पहिला पदवीधर झालो, ते अशा बाईंमुळे.

माझं प्रोबेशन संपायला दीड महिना होता. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर कुणीच विश्वास ठेवला नसता. साहेबांनी काकांच्या बदलीचा कागद लिहायला घेतला.

“साहेब, चूक माझी आहे.” मी एक लाल कव्हर उचललं. “एक मिनिट द्या. या लाल कव्हराकडे एकटक बघा.”

“वेळ आहे का आपल्याकडे?”

“बघा तर साहेब,” काका म्हणाले.

मी कपाटातून पांढरं मास्टर पॅनल काढून आणलं, तीसपर्यंत मोजलं आणि लाल कव्हराच्या जागी ते धरलं.

साहेब दचकले. “अरे, हे हिरवं कसं झालं?”

“झालं नाही साहेब. दिसतंय.”

ते डोळे चोळत राहिले. मग अर्धा लिहिलेला कागद त्यांनी चुरगळला आणि मला म्हणाले, “तुझ्याशी नंतर बोलतो. आधी लॉट सोड.”

मी घाईने पेन उचललं. काकांनी मनगट धरलं. “आता मोजताना तू बी लालच बघत हुतास. बस तिथं.”

बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. साहेब घड्याळ बघत होते. मी पाटीसमोर बसलो.

मागून कुणीतरी म्हणालं, “उदबत्ती आणू का, भावा?”

“आण,” काका म्हणाले.

दहा मिनिटांनी मी कव्हर आणि मास्टर पॅनल शेजारी ठेवून पाहिले. मग आधीच्या ओळीखाली लिहिलं, ‘लॉट ठीक. चूक तपासणाऱ्याची.’ सही केली. वर पाहिलं तेव्हा काका पुढचा रंग कालवायला गेले होते.