डावीकडे कोणी आहे का बघ

माझ्या थोरल्या मावसभावाइतका भित्रा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये नसेल, आणि असलाच तर तो भीतीने घराबाहेर पडत नसेल म्हणून मला भेटलेला नाही. त्यात दादाने विक्रोळीच्या एका कारखान्यात सेफ्टी खात्यात नोकरी केली, म्हणजे घाबरण्याचा रीतसर पगार घेतला. निवृत्तीनंतर ही सगळी खबरदारी नातेवाइकांच्या वाट्याला आली. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्याने भटजींना मागे सरकवलं, कारण त्यांचं उपरणं समईच्या फार जवळ आलं होतं. गॅस बंद आहे, यावर तर त्याने कोणाच्या सांगण्यावरून कधीच विश्वास ठेवला नाही. एकदा आम्ही दहिसरला साखरपुड्याला निघालो होतो. टॅक्सी पवईला पोचल्यावर याला गॅस आठवला. वहिनी म्हणाली, "अहो, मी स्वतः बंद केलाय." हा म्हणाला, "तू केलास, पण मी बघितला नाही ना," आणि टॅक्सी परत फिरवली. गॅस बंदच होता. आम्ही पोचलो तेव्हा पेढेसुद्धा संपले होते.

त्याची खरी भीती मात्र डोळ्यांची होती. त्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या काकांची नजर काचबिंदूने गेली, आणि ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. दादा यावर कधी बोलत नसे. प्रत्येक गोष्ट दहादा तपासणारा हा माणूस डोळे तपासायला मात्र कधी गेला नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाला, "काही नसेल तर कशाला जायचं? आणि असेल तर मग तर नकोच रे."

असा माणूस कॉम्प्युटरला नवा मॉनिटर घ्यायला निघाला. त्याला निवृत्तीनंतर शहरातल्या रस्त्यांवर होणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचा नाद लागला होता, वहिनीला सिनेमे बघायचे होते आणि विजेची बिलं भरणं वगैरे रोजची कामं होतीच. या तिन्हींना चालेल असा एकच मॉनिटर हवा होता. घाटकोपरच्या दुकानात तो मला घेऊन गेला. वक्राकार पडदा बघून म्हणाला, "आज एवढा वाकलाय, उद्या आणखी वाकला तर?" गेमसाठी चित्र किती झरझर हलतं हे विक्रेता कौतुकाने दाखवू लागला, तेव्हा याने डोळेच मिटून घेतले. शेवटी विक्रेता म्हणाला, "अंकल, हा घ्या. डोळ्यांना त्रास होत नाही, खोक्यावरच लिहिलंय." दादा माझ्या कानाशी आला. "त्रास होत नसता तर लिहिलं कशाला असतं?" अशा बऱ्याच फेऱ्या झाल्यावर एक सपाट, मध्यम आकाराचा मॉनिटर घरी आला आणि मी सुटलो असं मला वाटलं.

काही दिवसांनी दुपारी त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "वाट लागली रे. मला सगळं धूसर दिसतंय. हिला बोलू नकोस. तू ये." मी धावत गेलो. तो मॉनिटरसमोर बसला होता, एक डोळा तळहाताने झाकून. चेहरा पांढराफटक. "बाबांचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला.

मग मी पडद्याकडे बघितलं. मलाही धूसरच दिसत होतं. दादाच्या घरात रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो, फ्रिजच्या दारावरचं वेष्टन अजून तसंच आहे आणि सोफ्याचं कव्हर फक्त पाहुण्यांसाठी निघतं. पडद्याला ओरखडा नको म्हणून त्याने मॉनिटरवरचं प्लास्टिक काढलंच नव्हतं. मी कोपरा नखाने उचलला आणि चर्रकन ते ओढून काढलं. आत चित्र लख्ख होतं. आवाज ऐकून आतून आलेली वहिनी हसत सुटली, मी हसलो, आणि दादा तर आनंदाने रडायच्या बेतात आला. त्याने लगेच गेम लावला. एरवी हा गेममध्येही शर्यत सोडून डाव्या बाजूने हळूहळू जातो आणि प्रत्येक सिग्नलला थांबतो. त्या दिवशी मात्र चक्क लाल सिग्नल तोडला.

मग गाडी थांबवून म्हणाला, "झकास. फक्त डावीकडे थोडं प्लास्टिक राहिलंय बघ. तेवढं काढ ना."

मी बघितलं. तिथे काही नव्हतं. मी उगाच नखाने खरवडल्यासारखं केलं. "निघालं?" त्याने विचारलं. त्याने आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. वहिनीचं हसू थांबलं. तो हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टरकडे आत येशील ना माझ्याबरोबर?"

काचबिंदूच निघाला. जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही, पण उरलेलं थेंबांनी टिकेल असं डॉक्टर म्हणाले. दादा ते थेंब इतक्या धास्तीने घालतो की एकही वेळ चुकत नाही. रविवारी मी मुद्दाम जातो आणि त्याच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसतो. शर्यतीतल्या बाकी गाड्या केव्हाच पुढे गेलेल्या असतात. आमची एकटीच गाडी चौकात उभी असते.

"डावीकडे कोणी आहे का बघ रे."

"कोणी नाही, दादा. जा."

आणि गॅस पुन्हा बघायला पवईहून टॅक्सी फिरवणारा माझा भाऊ, मान न वळवता, माझ्या शब्दावर गाडी पुढे काढतो.