आकुर्डीची आई, पिंपरीची आई

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. सल्ला द्यायला नाव लागत नाही.

चाकणहून सुटणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये ती थंडीभर मटार सोलत बसायची. एरवी घरी पिंपरीला जायची, शनिवारी मात्र आकुर्डीलाच उतरायची. तिथे तिची मुलगी राहते. मुलगी जन्मल्यावर हिनं तिला तिथल्या एका मूलबाळ नसलेल्या जोडप्याला रीतसर दत्तक दिलं, पण येणंजाणं ठेवलं. पोरगी एकीला आकुर्डीची आई म्हणते, दुसरीला पिंपरीची आई. मटारच्या करंज्या दोघी आया मिळून करतात.

इतकं गुण्यागोविंदानं चाललेलं आम्हाला कसं बघवणार? बसमध्ये जो तो बालमानसतज्ज्ञ. त्यातला सगळ्यात विद्वान मी. गावच्या जमिनीवरून सख्ख्या भावाशी सात वर्षं कोर्टात भांडतोय आणि वकिलाशी फोनवर अख्ख्या बसला ऐकू जाईल असं बोलतो, त्यामुळे कुटुंब या विषयात माझा अधिकार मोठा.

एका शनिवारी मी तिला समजावलं, "ताई, आई एकच असावी. दोन आया असल्या की नात्यांचा पार विचका होतो."

तिनं शेंगेवरून अंगठा फिरवला, दाणे डब्यात पाडले आणि मान वर न करता विचारलं, "भाऊ, तुमाला आन् तुमच्या भावाला आई किती?"

"एकच."

"व्हय का," म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

तेवढ्यात वकिलाचा फोन आला. त्या दिवशी पहिल्यांदाच मी हळू आवाजात बोललो.