मध्यांतरानंतरची पाच गाणी

आमच्या यांच्या गाण्याच्या कार्यक्रमाचा उत्तरार्ध पडतो, ही गोष्ट मोताळ्यात सगळ्यांना माहीत होती. यांनाही माहीत होती. तो का पडतो याबद्दल मात्र प्रत्येकाचं आपापलं मत होतं, आणि आपलं मत न विचारता सांगायची आपल्याकडे पद्धतच आहे. पिठाच्या गिरणीत दळण टाकायला गेले तरी गिरणीवाला म्हणायचा, "बाबूचे पयले पाच गाणे म्हंजे अहाहा. पण चहा झाला का पातळ होऊन जातात." मी डबा ठेवून मुकाट्याने परत यायची. रस्त्यात मनातल्या मनात त्याला चार शिव्या हासडायची, आणि त्यातली एकही त्याला लागू पडत नाही हे कळून जास्तच चिडायची.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. पंचायत समिती नवीनच आली होती आणि हे तिथे कारकून होते. दिवसभर विहिरींच्या अर्जांवर शेरे मारायचे, घरी येऊन हातपाय धुतले की पेटी पुढ्यात घ्यायचे. गाण्याची पार्टी तिघांचीच. पेटी आणि गळा यांचा. तबल्यावर कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारे एक भाऊ. तिसरे क्लॅरिनेटवाले, ते एरवी लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. पार्टीचा नियम एकच, तो यांनी केलेला. सिनेमाचं गाणं म्हणायचं नाही आणि दुसऱ्याचं भजनही म्हणायचं नाही. शब्द आपले, चाल आपली. त्यामुळे लग्नात यांना कोणी बोलवत नसे आणि बारशालाही बोलवत नसे. वर्षातून एकदा गणपतीत आमच्या मंडळाच्या मांडवात कार्यक्रम व्हायचा, तेवढीच काय ती जागा. त्या एका दिवसासाठी हा माणूस वर्षभर गुणगुणायचा. भाजी आणायला पाठवलं तर पिशवी रिकामी आणि तोंडात अंतरा घेऊन परत यायचा.

कार्यक्रम बाजाराच्या दिवशी ठेवायचे, दुपार कलली की. लाइटीचा भरवसा नव्हता, आणि रोहिणखेडकडची माणसं बाजार करून थोडी टेकतील हा हिशेब. पाच गाणी, मग मध्यांतर, मग पाच गाणी. दरवर्षी दहाच्या दहा नवीन.

पहिल्या वर्षीचा कार्यक्रम मी कधी विसरणार नाही. त्या दहा गाण्यांत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. शेवटचं गाणं वेचणीला गेलेल्या बाईचं होतं. तिच्या ओटीत कापूस भरत जातो आणि घरी पाळण्यात पोर रडत असतं, इतकंच. ते सुरू असताना माझ्या शेजारी बसलेल्या बाईने पदर तोंडात कोंबला होता. गाडीवाले बैल जुंपून मांडवाच्या बाहेर उभे होते, पण गाडी हाकत नव्हते. मी नवीन नवरी. मला वाटलं, आपल्याला देवमाणूस मिळाला. आता कळतं, ती दहा गाणी त्यांनी लग्नाआधीच्या दहा-बारा वर्षांत साठवलेली होती. ती एका दिवसात उधळली गेली आणि पुढच्या वर्षी पुन्हा दहा हवी होती.

दुसऱ्या वर्षी पहिली पाच तशीच झाली. सहाव्याला मी पान खात होते ते खातच राहिले. तिसऱ्या वर्षी मध्यांतरानंतर सतरंज्यांच्या पट्ट्या दिसायला लागल्या. समोर म्हातारी माणसं उरली आणि त्यांतली काही झोपलेली.

माणूस हरतो तेव्हा तो आधी कारण शोधतो. यांना एक सापडलं आणि ते अगदी खोटं नव्हतं. आमच्याकडे खिरापत मध्यांतरात वाटायचे. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, खोबरं, साखर. बाजारची माणसं लांब जाणार, त्यांना उशीर नको, म्हणून ती सोय. आणि खिरापत हातावर पडायच्या आधी मांडवातून उठणं म्हणजे देवाचा अपमान, ती एकदा पडली की माणूस मोकळा. कोणी वाईट मनाने उठत नव्हतं. हात कपाळाला लावायचे, मूठ तोंडात टाकायचे आणि चालू लागायचे.

"लोक गाण्यावरून नाही उठत, खिरापतीवरून उठतात," हे मला सांगायचे. "पोट भरलेल्या माणसाले गाणं ऐकू येत नाही."

"मूठभर डाळीनं कोणाचं पोट भरते?" मी विचारायची.

"तू गप राय."

दुसरं कारण तबल्यावरच्या भाऊंनी काढलं. तालीम आमच्याच ओसरीवर व्हायची आणि दर वेळी गणेशवंदनेपासून सुरू व्हायची. वंदना झाली की दुसरं, मग तिसरं. मधूनच सुरू करणं म्हणजे देवाचं नाव न घेता जेवायला बसण्यासारखं, असं तिघांनाही वाटायचं. सहाव्यापर्यंत येईतो भाऊंची जिनिंगची पाळी व्हायची. क्लॅरिनेटवाल्यांना कुठे वरात असायची. पहिली पाच गाणी इतकी घोटलेली की आमच्या म्हशीलाही पाठ असतील, आणि नंतरची पाच धड दोनदाही एकत्र वाजलेली नसायची.

भाऊ म्हणाले, "पाचव्यापरेंत हात आपोआप चालते. सहाव्यापासून मी तुमच्या तोंडाकडे पाहत राह्यतो, का आता हे काय करन."

मी आतून चहा घेऊन आले होते. म्हटलं, "मंग वंदनेपुरता नमस्कार करा आन् सहाव्यापासून सुरू करा ना. देव काय तालमीले येऊन बसते का?"

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पेटत्या चुलीत पाणी ओतलं. पण हे दोन दिवस विचार करत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "यंदा तसंच करू. खिरापतही शेवटाले ठेवायले सांगतो अध्यक्षाले." मग भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "आन् यंदाही पडलं, तर मंग काहीच कारण नाही राह्यलं. मंग मी पेटी बंद करीन."

आवाज चढवला नाही, की माझ्याकडे पाहिलं नाही. वरण वाढ म्हणतात तसं म्हणाले. मी वरण वाढलं. मला त्या क्षणी भीती वाटली, कारण मला जे माहीत होतं ते यांना माहीत नव्हतं, किंवा असावं आणि ते त्याला टाळत असावेत. त्यांच्यात वर्षाला पाच गाणी होती. पाचच. दिवाळीपासून होळीपर्यंत ती सावकाश येत, एकेक कडवं धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. मग मार्चचं ऑफिसचं काम डोक्यावर बसायचं, मग उन्हाळा, आणि श्रावण लागला की उरलेली पाच ओढून काढायची. सहावं गाणं म्हणजे पहिल्याचं उष्टं असायचं. तेच शब्द जागा बदलून यायचे. मी म्हटलं होतं एकदा, पाचच म्हणा ना. तर म्हणाले, अर्धा कार्यक्रम म्हणजे कार्यक्रम नव्हे, लोक काय म्हणतील.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे गावातले मोठे जमीनदार, मनाने चांगले. त्यांनी लगेच कबूल केलं. "काऊन नाही? खिरापत शेवटाले वाटू. माणसं बसून राह्यतील, आपल्याले काय." श्रावणभर आमच्या ओसरीवर सहाव्यापासून दहाव्यापर्यंतची गाणी घुमली. मी भांडी घासताना ऐकायची, तांदूळ निवडताना ऐकायची. वाजवणं खरंच सुधारलं होतं. क्लॅरिनेटवाले म्हणाले, "बाबू, यंदा काही भेव नाही." यांच्या चेहऱ्यावर लग्नातला तजेला आला होता. मला मात्र जेवण गोड लागत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस नव्हता. मुगाच्या शेंगा तोडून झाल्या होत्या, माणसं मोकळी होती, मांडव भरला. मी बायकांत पुढेच बसले. पहिली पाच गाणी झाली. काय सांगू, त्यातलं तिसरं तर पहिल्या वर्षीच्या तोडीचं होतं. नदीच्या पलीकडे दिलेली मुलगी पुराच्या पाण्याकडे बघत उभी राहते, असं ते गाणं. मी देवाला म्हटलं, आता इथेच थांबव रे बाबा, लाइट घालव, पाऊस पाड, काहीही कर.

मध्यांतरात नुसता चहा झाला. कोणी उठलं नाही. हे हार्मोनियमच्या मागून सगळीकडे पाहत होते आणि मांडव भरलेलाच होता. त्यांना इतकं आनंदी मी क्वचित पाहिलं.

मग एका पोरसवद्या कार्यकर्त्याने आणि अध्यक्षांच्या गड्याने मिळून खिरापतीचा गंज आणला. शेवटी घाई नको म्हणून आधीच आणून ठेवला, मखराच्या उजव्या बाजूला. मोठं पितळी पातेलंच ते, वर पांढरं फडकं, आणि फडक्यातून खोबऱ्याचा वास. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

सहावं गाणं सुरू झालं. वाजवणं चोख. यांचा आवाज मोकळा. आणि सगळा मांडव हळूहळू उजवीकडे वळला. माणसं जागची हलली नव्हती, फक्त माना वळल्या. बायका पिशव्या आवरून मांडीवर घेऊन बसल्या. सातव्या गाण्याचा पहिला अंतरा संपला तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं संपलं, किंवा संपावं असं वाटलं. त्याचं पाहून बाकीच्यांनी वाजवल्या. हे थांबले, हसले, दुसरा अंतरा घेतला. आठव्यालाही तसंच. नवव्याला तर ध्रुवपदानंतरच टाळ्या. लोक इतक्या प्रेमाने टाळ्या वाजवत होते की रागही धरता येईना. माझ्या मागची म्हातारी नातवाला म्हणाली, "बस बे, आता दोनच राह्यले." ती गाणी मोजत होती.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दहावं गाणं डोळे मिटून म्हटलं. ते कधी डोळे मिटत नसत. अर्धा मांडव रिकामा असता तर त्यांना सोसलं असतं, मागच्या वर्षी सोसलंच होतं. पण सगळे बसलेले होते, तालीम झालेली होती, पेटी सुरात होती, आणि गाणं कोणाच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. त्याला आता दुसरं कोणी जबाबदार नव्हतं.

खिरापत वाटली गेली. अध्यक्षांनी यांच्या पाठीवर हात ठेवला. "पाह्यलं? एक माणूस हालला नाही. आता दरसाल असंच करू." भाऊ तबल्याची गवसणी बांधत होते, त्यांनी मान वर केली नाही. क्लॅरिनेटवाले वाद्य काखेत मारून निघून गेले.

आम्ही घरी निघालो तेव्हा अजून उजेड होता. पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधलेली, हे हँडल धरून चालत होते, मी मागून पेटीला हात देत होते. बाजार उठत होता. रोहिणखेडच्या गाड्या वळणावर दिसत होत्या. हे त्या गाड्यांकडे पाहत चालले होते. मग म्हणाले, "तुले कोणतं आवडलं? नंतरच्या पाचातलं."

"सगळेच चांगले झाले," मी म्हटलं.

"तसं नाही. एक सांग. एकाची चाल म्हणून दाखव."

मी आठवायला लागले. महिनाभर ती गाणी माझ्या कानावर आदळत होती. सहावं कसं सुरू होतं? पेरणीवर काहीतरी होतं. सातवं पाखरांवर. शब्द थोडे थोडे येत होते, पण चाल येईना. मी डोकं खाजवलं, पुटपुटून पाहिलं, आणि मग एकदम एक सूर सापडला. मी जीव मुठीत धरून ती ओळ गुणगुणले. सापडली याचा मला इतका आनंद झाला होता की मी दोनदा म्हटली.

यांनी ऐकून घेतली. सायकल थांबवली नाही. "हे तिसरं हाये," म्हणाले. "नदीचं. मध्यांतराच्या आधीचं."

आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. घर येईपर्यंत मी आठवत राहिले. ते वाट पाहत होते, मला कळत होतं. अजून एक संधी, अजून एक वळण, असं करत करत घर आलं. मला एकही आठवलं नाही. खोटं बोलावं तर त्यालाही चाल लागत होती.

त्यांनी पेटी उतरवली, फडक्याने पुसली, भात्याचा खटका लावला आणि उतरंडीच्या मागे ठेवून दिली. मी स्वयंपाकाला लागले. जेवण झालं. मी एवढंच म्हटलं, "पाच तं चांगले होतात ना तुमचे. पाचच करा ना दरसाल."

"पाच बी आता येणार नाहीत," ते म्हणाले. "पाचाच्या पुढं माह्यात काही नाही, हे मले समजलं आता. ते समजल्यावर पयलंही सुचत नाही."

पुढच्या गणपतीत मंडळाने जळगावकडून सिनेमाच्या गाण्यांची पार्टी आणली. हे पहिल्या रांगेत बसले, शेवटपर्यंत ऐकलं, टाळ्या वाजवल्या. भाऊंची तबल्याची जोडी भजनी मंडळात गेली. यांची पुढे बढती झाली, बदली झाली, आम्ही साखरखेर्ड्याकडे राहिलो, पोरं झाली, पोरांची लग्नं झाली. ते पुष्कळ वर्षं जगले आणि माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. भाजी आणायला पाठवलं की पिशवी भरून आणायचे, काही न विसरता. मला त्याचं फार वाईट वाटायचं. पण ते परत गाणं बांधतील असं मला एकाही दिवशी वाटलं नाही, आणि त्यांनी बांधलं नाही.